सासूबाईंनी प्लग काढला होता

टाइमकीपरांच्या घरातला टीव्ही जळाला त्याला वर्ष होऊन गेलं होतं, तरी घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती हकीकत चहाबरोबर ऐकावीच लागे. तेहतीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर म्हणून काढलेला माणूस. हकीकतसुद्धा वेळापत्रक वाचल्यासारखी सांगायचा. तीन वाजून दहा मिनिटांनी पश्चिमेकडून ढग. तीन बावीसला पहिला गडगडाट. तीन चोवीसला त्यांनी मागच्या अंगणातून हाक मारली, "आई, टीव्हीचा प्लग काढा." तीन एकतीसला वीज अशी कडाडली की हातातलं खुरपं गळून पडलं. तीन बत्तीसला ते धावत घरात आले, तर खोलीभर जळका वास, टीव्हीच्या पाठीतून धुराची बारीक रेघ, आणि...

"आणि प्लग जागच्या जागी," एवढं बोलून ते थांबायचे. मग कुणावर रोख नाही अशा बेतानं, पण सगळ्यांना नेमका कळेल असा, एक सुस्कारा खिडकीजवळच्या खुर्चीच्या दिशेनं सोडायचे.

त्या खुर्चीत सासूबाई बसलेल्या असायच्या. सासरे गेल्यापासून त्या लेकीकडेच राहत होत्या. कानानं कमी ऐकू यायचं, पण ही हकीकत त्यांना ओठांवरून पाठ झाली होती. सुस्कारा आला की त्या पाहुण्यांकडे वळून शांतपणे म्हणायच्या, "मी प्लग काढला होता. वीज पडून गेल्यावर परत घातला. लागतोय का बघायला."

यावर पाहुणे चहाच्या कपात बघत. एवढी लंगडी सबब ऐकून दुसरीकडे कुठे बघणार?

टीव्ही साधासुधा नव्हता. निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या सगळ्यांनी मिळून दिला होता. ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपमधली मंडळी, अगदी ज्यांचे लेटमार्क त्यांनी आयुष्यभर निष्ठुरपणे लावले तेसुद्धा त्यात होते. टीव्हीच्या खालच्या कडेला 'सेवापूर्तीनिमित्त सप्रेम' अशी पितळी पट्टी होती. जेमतेम तीन आठवडे चालला बिचारा. जळाल्यावर तो भंगारात द्यायला टाइमकीपरांचा हात धजेना, म्हणून मागच्या खोलीत कपाटावर, जुन्या चादरीखाली, सेटटॉप बॉक्ससकट त्याची स्थापना झाली. नवा टीव्ही आला, पण टाइमकीपरांनी मनाशी गाठ मारली, की या घरात पुन्हा काही जळू द्यायचं नाही.

मग घराचा डेपो झाला. स्वयंपाकघराच्या दारावर तक्ता लागला. ढग दिसला की टाइमकीपर शिट्टी मारणार. शिट्टीसरशी बायकोनं फ्रिज, मिक्सर आणि शिलाई मशीन बंद करून प्लग काढायचे. टीव्ही, कॉम्प्युटर आणि पंखे टाइमकीपर स्वतः बघणार. सासूबाईंच्या नावापुढे त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात एकच शब्द लिहिला होता: 'निरंक'.

सासूबाईंनी चष्मा लावून तो तक्ता वाचला, चष्मा काढला आणि खुर्चीत जाऊन बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी नव्या टीव्हीसमोर बसणं सोडलं. कुणी बोलावलं तर म्हणायच्या, "नको गं, माझ्या नजरेनं जळायचा." आणि खिडकीतून रस्ता बघायच्या. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. समोर एका टायरवाल्याचं दुकान होतं आणि तोही बहुतेक वेळ यांच्याकडेच बघत असे.

बायकोच्या मनाला हे लागत होतं. पण आईची बाजू घ्यावी तर नवरा फुगणार, नवऱ्याची घ्यावी तर आई गप्प होणार, म्हणून ती मशीनवर मान खाली घालून शिवत बसायची. शाळांचे गणवेश शिवून देण्याचं तिचं काम होतं. एका बाहीवर टीप अर्धी आली की शिट्टी वाजायची. बाहेर बघावं तर कापसाएवढा ढग.

"अहो, हा पाऊस देणारा ढगच नाही."

"पहिली गाडी रिकामीच असते," टाइमकीपर म्हणायचे. "मागून येते ती भरलेली."

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण बाजारात त्यांना स्पाइक गार्ड नावाची वस्तू भेटली. लांबट पट्टी, चार सॉकेट, कडेला एक लाल दिवा. विजेचा झटका आला तर ही पट्टी तो अंगावर घेते आणि मागचं यंत्र वाचवते, असं दुकानदारानं सांगितलं. टाइमकीपरांना ती कल्पना फारच आवडली. त्यांनी टीव्हीला एक लावली. मग विचार केला, झटका पट्टीलाही भारी पडला तर? म्हणून त्या पट्टीच्या मागे दुसरी लावली आणि दुसरीला तिसरी. टीव्हीपासून भिंतीपर्यंत लाल दिव्यांची रांग लागली. सोफ्याखालून झाडू फिरवणं बंद झालं. बायको केर काढायला वाकली की ते पाय वर घेऊन म्हणायचे, "जपून. सुरक्षाव्यवस्था आहे."

एवढी सुरक्षाव्यवस्था असूनही बायकोला शिलाई मशीनमधून मुंग्या येऊ लागल्या. मशीनच्या लोखंडी भागाला हात लागला की बारीक चिमटा बसायचा. तिनं दोनदा सांगितलं. टाइमकीपर म्हणाले, हवेत दमटपणा आहे. तिसऱ्यांदा फ्रिजच्या दारानं चिमटा काढला तेव्हा हातातलं दुधाचं भांडं पडलं, आणि बायकोनं नवऱ्याला न विचारता वायरमनबाईंना फोन लावला.

वायरमनबाई म्हणजे चाळिशीच्या, ठेंगण्या, खिशांनी भरलेलं जाकीट घालणाऱ्या. त्यांना वायरवुमन म्हणायचा प्रयत्न एकदोघांनी केला होता, पण जिभेला वळण लागेना, तेव्हा सगळ्यांनी मिळून वायरमनबाई करून टाकलं. त्या आल्या, मशीन बघितलं, फ्रिज बघितला, मग पट्ट्यांच्या रांगेसमोर उकिडव्या बसल्या आणि जरा वेळ नुसत्याच बघत राहिल्या.

"हे कुणी लावलं?"

"मी," टाइमकीपर म्हणाले. आवाजात नम्रता होती, पण छाती फुगलेली होती.

बाईंनी खिशातून तीन दिव्यांचा एक छोटा टेस्टर काढला आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचला. दोन दिवे लागायला हवे होते, एकच लागला. दुसऱ्या सॉकेटमध्ये तेच. स्वयंपाकघरात तेच.

"काका, तुमच्या घरातलं तिसरं भोक शोभेचं आहे."

"म्हणजे?"

"अर्थिंग नाही. हे वरचं मोठं भोक असतं ना, त्यातून तार निघून घराबाहेर जमिनीत जाते. मशीनच्या अंगात वीज उतरली तर त्या वाटेनं तिनं जमिनीत जायचं. बाहेरून झटका आला तर ही पट्टी त्यातला बराचसा त्याच वाटेला लावते. आता वाटच नाही म्हटल्यावर ती वहिनींच्या हाताला चिमटे काढणार नाही तर काय करणार?"

डेपोतल्या माणसाला हे एका क्षणात समजलं. गाड्या तयार, ड्रायव्हर तयार, दिवे लागलेले, आणि फाटकाबाहेर रस्ताच नाही. तीन पट्ट्या मागेपुढे लावून त्यांनी नुसती गर्दी केली होती.

"अर्थिंगची तार कुठून बाहेर पडते?" बाईंनी विचारलं.

"मागच्या भिंतीतून असेल," बायको म्हणाली.

तिघं मागच्या अंगणात आले. भिंतीतून बोटाएवढं एक हिरवं टोक बाहेर डोकावत होतं. त्याच्या बरोबर खाली, जमिनीलगत, लोखंडी नळीला करकचून आवळलेलं दुसरं टोक. मधली तार गायब. बाईंनी वाकून टोक निरखलं.

"गंजून तुटलेली नाही. पक्कड लावून कापलीय कुणीतरी. सफाईनं."

टाइमकीपरांची मान आपोआप वळली. कारण अंगणाच्या दुसऱ्या टोकाला भोपळ्याचा वेल होता, आणि तो वेल ज्या जाड तारेवर मोठ्या ऐटीत चढला होता, ती तार हिरवी होती.

त्यांना सगळं लख्ख आठवलं. दीड वर्षापूर्वीची सकाळ. निवृत्तीला महिना उरलेला, साठलेल्या रजेवर घरी बसलेले, हाताला काम नाही. वेलाला आधार हवा होता. भिंतीतून निघून जमिनीत गेलेली ही तार त्यांना दिसली. त्यांनी बोट लावून बघितलं, काही झालं नाही. दिवा नाही, पंखा नाही, कुठलंच काम करत नाही. रिकामटेकडा कर्मचारी त्यांना डेपोत खपला नव्हता, घरात कसा खपणार? त्यांनी पक्कड आणली आणि तारेची बदली केली.

"गेल्या वर्षी रंगकाम झालं होतं," बायको आठवून म्हणाली. "त्या रंगाऱ्याचंच काम. ब्रश आडवा येतो म्हणून कापली असणार. नाही का हो?"

"असेल," टाइमकीपर म्हणाले, आणि सरकत सरकत वेलाच्या आणि बाईंच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

वायरमनबाईंची नजर मात्र वर गेली होती. छपरावर डिश होती, टाइमकीपरांनी स्वतः लोखंडी पाइपावर उभी केलेली. पाइपापासून डिशवाल्यानं सोडलेली एक बारीक तार भिंतीवरून खाली येऊन त्या बोटभर हिरव्या टोकाला जोडली होती.

"डिशही हिच्यावरच होती. म्हणजे तीही लोंबकळली. या डिशवरचं काही जळालं होतं का कधी?"

त्या प्रश्नाला या घरात एकच उत्तर होतं. एरवी टाइमकीपरांनी ते तीन दहापासून सुरू केलं असतं. आज ते खाली वाकून अंगणातलं गवत उपटू लागले. बायकोनंच दोन वाक्यांत सांगितलं, की आईनं प्लग काढला नव्हता, त्यामुळे टीव्ही गेला.

"आहे का तो अजून?"

कपाटावरून टीव्ही उतरला. चादर झटकली. बाईंनी तो पलंगावर पालथा घातला, पाठीचे स्क्रू काढले, आणि खिशातली बॅटरी तोंडात धरून आत डोकावल्या. सासूबाई खिडकीपासून उठून दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणी बोलावलं नव्हतं, पण कानानं कमी ऐकणाऱ्या माणसाला घरातली हवा बदललेली आधी कळते.

"इकडं या," बाई म्हणाल्या. "ही बाजू बघा, प्लगची वायर येते ती. काही दिसतंय?"

काही दिसत नव्हतं. धूळ होती, बाकी सगळं कोरं करकरीत. बाईंनी मीटरच्या दोन सुया लावल्या, मीटर टुंग् वाजला. फ्यूजसुद्धा शाबूत.

"आता ही बाजू. डिशच्या बॉक्सची वायर इथं घुसते."

तिथं काळाकुट्ट खड्डा पडला होता. सेटटॉप बॉक्सचं केबल लावायचं तोंड तर करपून पार वितळलं होतं.

"वीज प्लगातून आलेलीच नाही. जवळ कुठंतरी पडली, डिशनं उचलली, केबलमधून बॉक्समध्ये आणि बॉक्समधून टीव्हीत. त्या वेळी प्लग भिंतीत असता, तर ती याच वाटेनं मेन लाइनकडं पळाली असती आणि हा सगळा भाग पण काळा झाला असता. मी शपथेवर नाही सांगत, पण माझ्या मते तेव्हा प्लग काढलेला होता." त्यांनी मान वळवून आवाज चढवला. "आजी, तुम्ही प्लग काढला होता."

सासूबाई दाराच्या चौकटीला टेकल्या. "हेच मी वर्षभर सांगतेय," त्या म्हणाल्या. "परत घातला तो नंतर. लागतोय का बघायला."

बायकोनं नवऱ्याकडे असं बघितलं, की त्यांना वाटलं यापेक्षा वीज बरी. पण तिचा राग दुसरीकडे निघाला होता.

"थांबा, त्या रंगाऱ्याला सोडत नाही मी. त्यानं तार कापली नसती तर हे झालंच नसतं. माझ्या आईनं वर्षभर ऐकून घेतलं त्याच्यापायी." आणि तिनं फोन लावला. स्पीकरवर.

रंगारी अत्यंत गरीब स्वभावाचा माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "वहिनी, मला आठवत तर नाही," तो चाचरत म्हणाला. "पण तुम्ही म्हणताय म्हणजे माझ्याच हातून झालं असेल. ब्रश फिरवताना माणसाचं लक्ष नसतं. मी उद्या येतो, तार आणतो, बसवून देतो. माफ करा वहिनी. आजींनाही सांगा, चुकलं म्हणून."

टाइमकीपर ऐकत होते. तेहतीस वर्षांत त्यांनी एकाचा लेटमार्क दुसऱ्याच्या नावावर एकदाही टाकला नव्हता. त्यांची सगळी मिजास त्या एका गोष्टीवर उभी होती. आणि इथं एक निर्दोष माणूस फोनवर माफी मागत होता, दुसरी निर्दोष बाई वर्षभर खिडकीत बसून होती. त्यांनी बायकोच्या हातातून फोन घेतला.

"हे बघ, तुझा काही संबंध नाही. तू यायचं नाहीस. ठेव फोन."

"पण साहेब, तार..."

"तार मी कापली. ठेव म्हणतो ना."

फोन बंद झाला. वायरमनबाई स्क्रू मोजण्यात अचानक फार गढून गेल्या.

"कशासाठी?" बायकोनं विचारलं.

"भोपळ्यासाठी," टाइमकीपर म्हणाले.

एवढं हलकं उत्तर द्यायची पाळी त्यांच्यावर आयुष्यात आली नव्हती. बायकोनं खिडकीतून अंगणातला वेल बघितला. ओठ घट्ट मिटले. तिला हसू येतंय की संताप, हे तिलाही ठरवता येत नसावं. शेवटी ती म्हणाली, "मला काही सांगू नका. जिला सांगायचं तिला सांगा."

टाइमकीपर सासूबाईंसमोर जाऊन उभे राहिले. हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून मागे बांधले.

"आई, चूक माझी होती. तार मी कापली. तुम्ही प्लग काढला होता."

सासूबाईंनी कानामागे हात नेला. "काय म्हणालात जावईबापू?"

त्यांनी आवाज वाढवला. "म्हटलं, चूक माझी होती. तुम्ही प्लग काढला होता."

"कोण पडला होता?"

आता इलाज नव्हता. डेपोत माइक बंद पडला की ज्या आवाजात ते सुटणाऱ्या गाड्या पुकारायचे, तो आवाज त्यांनी पोटातून काढला. "चूक माझी होती. अर्थिंगची तार मी कापली. टीव्ही माझ्यामुळे जळाला. सासूबाईंनी प्लग काढला होता."

समोरच्या टायरवाल्याच्या हातातला हातोडा थांबला. कुंपणापलीकडून शेजारणीचा आवाज आला, "कळलं हो आम्हाला. सगळ्यांना कळलं."

सासूबाई समाधानानं मान हलवत म्हणाल्या, "मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. पण तुम्ही ते इतक्या पाहुण्यांना सांगितलंत, म्हटलं, दुरुस्तीपण तेवढ्या लोकांपर्यंत पोचलेली बरी." मग त्या नव्या टीव्हीसमोरच्या सोफ्यावर मधोमध जाऊन बसल्या, पाय वर घेतले आणि रिमोट मागितला.

दुसऱ्या दिवसापासून काम लागलं. जुनी नळी गंजली होती, म्हणून अर्थिंगसाठी नवा खड्डा खणायचा होता. वायरमनबाई माणूस आणणार होत्या, पण टाइमकीपर म्हणाले, मी खणतो. सासूबाईंनी अंगणात खुर्ची टाकून घेतली आणि खड्डा सरळ जातोय का यावर नजर ठेवली. कमरेएवढा खड्डा झाला तेव्हा त्यांनी सरबताचा पेला पुढे केला. "पुरे आता," त्या म्हणाल्या. "विजेला पोचायचंय, तुम्हाला नाही." टाइमकीपर खड्ड्यात उभ्यानंच ते सरबत प्यायले आणि बऱ्याच दिवसांनी दोघं एकदम हसले.

नळी उतरली, अखंड तार बसली, डिशचा पाइप तिला जोडला गेला. मेन बोर्डात बाईंनी बाहेरून येणारा झटका जमिनीत वळवणारं एक चौकोनी यंत्र बसवलं, केबलला एक वेगळं. तीन पट्ट्यांतल्या दोन काढून टाकल्या आणि उरलेली एक सरळ भिंतीत लावली. बायकोनं मशीनच्या लोखंडाला भीतभीत बोट लावलं, मग पूर्ण पंजा ठेवला. काही नाही.

"म्हणजे आता प्लग काढायची गरज नाही?" तिनं आशेनं विचारलं.

"असं नाही. वीज अगदी डोक्यावर आली तर कुठल्याच यंत्राची खात्री देता येत नाही. गडगडाट ऐकू आला की प्लग काढायचा, आणि डिशची केबलपण. पण आधी. वीज चमकायला लागल्यावर वायरींना हात लावत बसायचं नाही. आणि काका, कापसाएवढ्या ढगाला शिट्टी नको."

पुढचं वादळ पंधरा दिवसांनी भर दुपारी आलं. गडगडाटाची सुरुवात झाली तशी तिघांनी मिळून सगळं काढलं, केबल सासूबाईंनी, आणि खोलीच्या मध्यभागी बसून राहिले. एक वीज तर इतकी जवळ पडली की भांडी किणकिणली. वादळ सरल्यावर एकेक प्लग लावला. सगळं सुरू झालं. टाइमकीपरांनी प्रत्येक यंत्रासमोर दोन मिनिटं उभं राहून खात्री केली.

शेजारणीचा इंटरनेटचा डबा मात्र गेला होता. टाइमकीपर चौकशीला गेले ते वायरमनबाईंकडून मागून घेतलेला तीन दिव्यांचा टेस्टर खिशात घालूनच. शेजारणीच्या घरात एकच दिवा लागला. टायरवाल्याकडेही एकच. त्याच्या पलीकडच्या घरात तर एकही लागेना, सॉकेटच बंद पडलेलं. आठवड्याभरात त्यांनी गल्लीतली एकवीस घरं तपासली. लोक लांबून त्यांना येताना बघून दार लोटून घेऊ लागले, पण ते बेल वाजवायचे आणि उघडेपर्यंत वाजवत राहायचे. दारात उभं राहून पहिलं वाक्य ठरलेलं, "तुमची हिरवी तार कुठं जाते, बघितलीय का कधी? मी कापली होती, म्हणून विचारतो."

शेवटी वायरमनबाईंचा फोन बायकोला आला. "वहिनी, काकांना दोन दिवस घरी बसवा हो. मी एकटी कुठंकुठं पुरणार?"

बायकोनं निरोप जसाच्या तसा सांगितला. टाइमकीपरांनी तो नीट ऐकून घेतला, घड्याळ बघितलं, आणि बुटांच्या नाड्या बांधत म्हणाले, "म्हणजे काम जोरात चाललंय."

"चप्पल घातलीत तर लवकर निघाल," सासूबाई टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाल्या. "कोपऱ्यावरचे लोक आत्ताच जेवून उठलेत, नंतर झोपतात."